फॉर्मच भरला नाही, तर नापास कोण करणार?

माझी भाची मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहे, इथंच कोल्हापुरात. दोन वर्षं झाली नुसतं गेट गेट चाललेलं तिचं (एम.टेक.ला प्रवेश मिळवायची परीक्षा), एम.टेक. करायचं तर आयआयटीतच, मोबाईलवर लेक्चर लावून जेवायची पोरगी. परवा घरी आलेली, सहज विचारलं फॉर्म भरलास का, तर म्हणाली नाही मावशी, या वर्षी नको, तयारी नीट झाली की मग भरते. मी म्हटलं अगं शेवटची तारीख जवळ आली, भरून तर ठेव, तयारी चालूच आहे की. गप्प बसली. मग भांडी आवरताना हळूच म्हणाली, "भरला आणि नाही निघाली तर सगळ्यांना कळणार ना."

त्या वाक्यावर मी चार दिवस विचार करतेय. कारण हे वाक्य मी स्वतः अनेक वर्षं मनात घेऊन फिरलेय, आणि आजूबाजूला बघितलं तर निम्मं कोल्हापूर फिरतंय. नवीन धंदा, स्पर्धा परीक्षा, चाळिशीनंतरची मॅरेथॉन, एकटीनं करायचा ट्रेक, काहीही घ्या. हरायची भीती नेमकी कशानं वाटते, ती आपल्याकडून काय काय करून घेते आणि तिच्यासकट पुढं कसं जायचं यावर बरंच संशोधन झालंय, पण ते सगळं इंग्रजीत आणि जड भाषेत. मी काही मानसशास्त्रवाली नाही, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, १८ वर्षं झाली. पण वाचलंय, भोगलंय, म्हणून जमेल तसं सांगते.

पहिल्यांदा ही भीती येते कुठून ते बघू. समजा रंकाळ्यावर भेळ खाताना कुणी म्हणालं, चला नाणं उडवू, छापा आला तर मी तुम्हाला १०० रुपये देतो, काटा आला तर तुम्ही मला १०० द्यायचे. हिशेबानं बघितलं तर यात ना फायदा ना तोटा, तरी बहुतेक लोक नको म्हणतात. मग तो म्हणाला बरं, छापा आला तर १२० देतो, तरी लोक मान हलवतात, साधारण २०० च्या आसपास गेलं की मग कुठं माणूस विचार करायला लागतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ साली हे नीट मांडलं, पुढं काहनेमनना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता (ट्वर्स्की तोवर वारले होते). सांगणं साधं आहे, १०० रुपये मिळाल्याचा आनंद आणि १०० रुपये गेल्याचं दुःख सारखं नसतं, गेल्याचं दुःख जवळपास दुप्पट लागतं. म्हणजे आपल्या मनातला तराजूच मुळात एका बाजूला कललेला आहे. माझ्या भाचीला गेट निघाल्याचा आनंद आणि न निघाल्याचं दुःख समोरासमोर ठेवायला सांगितलं तर दुःखाचं पारडं आपोआप खाली जाणार, यात ती भित्री आहे असं काही नाही, माणसाची घडणच तशी आहे.

यात अजून एक गोष्ट मिसळते, लोक. खरं तर "काय म्हणतील" यापेक्षा "कळेल" याचीच धास्ती जास्त असते. यावर २००० साली अमेरिकेत टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचा मोठा फोटो असलेला, त्याला स्वतःला घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावायचा आणि बाकीची मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. बाहेर आल्यावर विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? मुलांना वाटायचं निम्म्या लोकांनी बघितलं. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच सांगता आलं टी-शर्टवर कोण होतं. आपल्यावर जेवढा लाईट पडलाय असं वाटतं तेवढा पडलेलाच नसतो. माझ्या बाबतीत हे शंभर टक्के खरं निघालं, ते पुढं सांगते.

आता मला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. हरायची भीती असलेला माणूस सोप्याच गोष्टी धरतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नाहीये. जॉन अॅटकिन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली याची मांडणी केली आणि ते तपासायला जो खेळ वापरला गेला तो आपल्या जत्रेतलाच आहे, खुंटीवर रिंग टाकायची. फरक एवढाच की किती लांबनं टाकायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ज्यांना काहीतरी जमवून दाखवायची मनापासून ओढ होती ते मधल्या अंतरावर उभे राहिले, जिथनं रिंग बसू पण शकते आणि चुकू पण शकते. आणि ज्यांच्यात हरायची भीती जास्त होती ते दोन टोकांना गेले, काही अगदी खुंटीला चिकटून आणि काही पार लांब. जवळनं टाकली तर चुकणारच नाही. आणि पार लांबनं चुकली तर कोण नाव ठेवणार, तिथनं कुणाचीच बसत नाही!

हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या ओळखीतली पाच-सहा माणसं डोळ्यासमोर आली. "बिझनेस करायचा तर कोटीतच, छोटं काय करायचं नाही" म्हणणारा आणि दहा वर्षं काहीच न करणारा. "एकदम कलेक्टरच" म्हणून बाकी कुठल्याच पोस्टचा फॉर्म न भरणारा. आपण यांना मोठी स्वप्नं बघणारे म्हणतो, पण लांबचं स्वप्न कधी कधी लपायची जागा असते. भाचीचं "आयआयटीतच" मला आता वेगळं ऐकू यायला लागलं. मधल्या अंतरावर उभं राहणं सगळ्यात अवघड, कारण तिथं रिंग चुकली तर चुकली ती तुमचीच, आणि बसली तरी तुमचीच.

याच भीतीचं अजून एक रूप आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पिक्चर बघणारी मुलं आठवा, निकाल लागल्यावर म्हणायचं "अभ्यासच केला नव्हता यार". स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये हे प्रयोगात पकडलं. काही जणांना सुटणार नाहीत अशी कोडी दिली आणि तरी सांगितलं की तुम्हाला भारी मार्क पडले. म्हणजे आपण का जिंकलो हे त्यांनाच माहीत नाही. मग पुढच्या टेस्टच्या आधी दोन औषधं समोर ठेवली, एक डोकं चालवणारं आणि एक डोकं मंद करणारं (खरं तर औषधं नव्हतीच, नुसतं तसं सांगितलं होतं). तर या गटातल्या पुरुषांचा कल मंद करणाऱ्याकडं गेला. म्हणजे हरायचं कारण आधीच तयार ठेवलं. "तयारी नीट झाली की भरते" यात पण थोडं तेच आहे की, तयारी कधीच पूर्ण नीट होत नाही आणि तोपर्यंत कुणी आपल्याला नापास करू शकत नाही.

बरं, मग यावर "अपयश ही यशाची पहिली पायरी" असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला त्या वाक्याचा खरं सांगायचं तर राग येतो. अपयश आपोआप काही शिकवत नाही. याच्यावर पण काम झालंय, २०१९ साली लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी. लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न द्यायचे, उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं आणि मग पुन्हा तपासायचं किती लक्षात राहिलं. आता नीट बघा, पर्याय दोनच असतील तर "तुझं उत्तर चूक" म्हणजे दुसरं बरोबर, माहिती तेवढीच मिळते जेवढी "तुझं उत्तर बरोबर" मधनं मिळते. तरी ज्यांना बरोबर सांगितलं ते जास्त शिकले आणि ज्यांना चूक सांगितलं ते कमी. कारण चूक म्हटलं की मन दुखतं आणि आपण तिथनं नजर काढून घेतो. पण त्याच प्रश्नांवर दुसऱ्या कुणाची चूक दाखवली तर लोक व्यवस्थित शिकत होते. म्हणजे अडचण चुकीत नसतेच, ती "माझी" आहे यात असते.

इथं मला माझी फाउंड्री आणावीच लागते.

कास्टिंग म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं आणि गार झालं की पार्ट बाहेर काढायचा. ऐकायला सोपं आहे. पण नवीन पॅटर्न आला, म्हणजे आधी कधी न केलेला पार्ट, की पहिले काही नग रिजेक्ट होणार हे भट्टी पेटवायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत असतं. लोखंड गार होताना आक्रसतं, जिथं पार्ट जाड आहे तिथं शेवटी मेटल कमी पडतं आणि आत पोकळी राहते, त्याला श्रिंकेज म्हणतात. वाळूत ओल जास्त झाली तर वाफेचे फुगे अडकतात, ब्लो होल. मेटल गार पडलं असेल तर दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत आणि मध्ये सांधा राहतो, कोल्ड शट. आणि यातलं बरंचसं वरनं दिसत नाही. मी नवीन लागले तेव्हा एक सॅम्पल बाहेरनं एकदम गुळगुळीत, चकचकीत निघालेलं, मी खुशीत म्हटलं ओके आहे. आमच्या मोल्डिंगचे जुने मिस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, ते म्हणाले, "आवं मॅडम, वरनं काय कळतंय? कापून बघूया की."

कापलं. जाड बॉसच्या (पार्टवरच्या फुगीर भागाच्या) बरोबर मध्ये सुपारीएवढी पोकळी, कडा खरबरीत, आत झाडाच्या फांद्यांसारखे बारीक काटे. मला वाईट वाटलं आणि मामा मात्र वाकून बोट फिरवत बघत होते, पोकळी कुठल्या अंगाला सरकलीय, किती खोल आहे. मग खडूनं पॅटर्नवर (ज्यावरनं वाळूचा साचा उठवतात त्या नमुन्यावर) खूण केली आणि रायझर तिथं हलवायला सांगितला. रायझर म्हणजे साच्यात शेजारी ठेवलेला जादा मेटलचा साठा, पार्ट आक्रसताना तिथनं मेटल ओढून घेतो. तो कापलेला नग दुसऱ्या दिवशी परत भट्टीत गेला. त्याला आम्ही रिटर्न म्हणतो, दर हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या दर घाण्यात, तो पडतोच.

नग असा कापून बघण्याला सेक्शन कट म्हणतात, त्यावर मी नंतर खूप विचार केला. मामांना त्या पोकळीचं दुःख झालं नाही कारण ती पोकळी कास्टिंगची होती, मामांची नव्हती. आणि दुसरं, रिजेक्शनचे पैसे कॉस्टिंगमध्ये, म्हणजे खर्चाच्या हिशेबात, आधीच धरलेले होते. कोटेशन देतानाच मालक धरतात की एवढं एवढं वाया जाणार. ज्या फाउंड्रीनं ठरवलं की आमचा एक पण नग रिजेक्ट होता कामा नये, तिला नवीन पार्टची ऑर्डर घेताच येणार नाही, जुनेच चार पार्ट ओतत बसावं लागेल. आपण स्वतःच्या आयुष्याचं कॉस्टिंग करताना रिजेक्शनचा रकाना शून्य ठेवतो आणि मग म्हणतो परवडत नाही.

आता माझं सांगते. मी ३८ वर्षांची होईपर्यंत मला पोहता येत नव्हतं. गावाकडं भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारत शिकले, मला काठावर त्यांचे कपडे धरून बसायला सांगायचे. ३८ व्या वर्षी टँकवर नाव घातलं, मग सायकल, मग पळणं, आणि ४१ व्या वर्षी गोव्यातल्या एका हाफ ट्रायथलॉनला फॉर्म भरला, १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. पोहायला १ तास १० मिनिटं, त्यात बाहेर आलं नाही तर तिथंच संपलं. वर्षभर पहाटे ५ ला टँक, रविवारी राजाराम तलाव, पन्हाळ्याच्या चढाला सायकल.

तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं यात काय फरक असतो ते समुद्रात गेल्यावरच कळतं. लाट तोंडावर आली की पुढचा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) दिसत नाही, दिसला की तो अपेक्षेपेक्षा डावीकडं असतो, परत वळायचं, परत लाट. शेवटच्या वळणावर एक पोरगा कयाकवरनं (छोट्या वल्ह्याच्या होडीतनं) जवळ आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅम, टाईम झाला." मी म्हटलं किनारा तर दिसतोय. तो म्हणाला, "हो मॅम." बोटीतनं आणलं. वाळूवर उभी राहिले तेव्हा एक मुलगी गुडघ्यावर बसली आणि माझ्या घोट्याची वेळ मोजायची चिप काढून घेतली, वेलक्रोचा चर्रर्र असा आवाज आला, आणि तिनं तिथली वाळू हातानं पुसली. माझी सायकल स्टँडला तशीच उभी होती, बाटल्या भरलेल्या.

येताना आंबोली घाटात गाडीत कुणी काही बोललं नाही. मला वाटलं आता सोमवारी कंपनीत तोंड कसं दाखवायचं, सगळ्यांना सांगून गेलेले. सोमवारी काय झालं? दोघांनी विचारलं, "काय मॅडम, झाली का स्पर्धा?" मी म्हटलं नाही पूर्ण झाली, पोहण्यात वेळ संपला. "असू दे की, पुढच्या वर्षी," आणि लगेच एका लॉटच्या हार्डनेसचं काय करायचं ते विचारायला लागले. बाकीच्यांच्या लक्षातच नव्हतं मी गेले होते. तो टी-शर्टचा प्रयोग, हुबेहूब.

पण घड्याळातलं रेकॉर्डिंग मी तीन आठवडे उघडलं नाही. १८ वर्षं दुसऱ्यांच्या कास्टिंगचे सेक्शन कापणारी मी, स्वतःचं कापायला हात धजेना. शेवटी एका रात्री उघडलं. नकाशावरची लाईन नागमोडी, पार वेडीवाकडी. ७० मिनिटांत मी १.९८ किलोमीटर पोहले होते! म्हणजे १.९ पेक्षा जास्त. आणि तरी किनारा ३०० मीटर लांब राहिला, कारण सरळ पोहलेच नाही. त्याच स्पीडनं सरळ गेले असते तर ६७ मिनिटांत बाहेर. वर्षभर मी दम वाढवत होते आणि दम पुरेसा होता, कमी होतं ते डोकं वर काढून बोया बघणं. हे तलावात कधी कळलंच नसतं, तिथं काठ सगळीकडनं दिसतो. तीन आठवडे मी मनात "मला पोहता येत नाही" असं म्हणत होते आणि घड्याळ सांगत होतं "तुला दिशा धरता येत नाही". दुसऱ्या वाक्यावर इलाज आहे.

आपल्या मातीतली माणसं बघितली तर हेच जास्त स्पष्ट दिसतं. खाशाबा जाधव म्हटलं की आपल्याला १९५२ चं हेलसिंकी आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आठवतं. पण त्याआधी १९४८ ला लंडनला गेले होते ते, फ्लायवेटमध्ये, आणि सहावे आले. तांबड्या मातीत तयार झालेला पैलवान तिथं मॅटवर उतरला होता. चार वर्षांनी बँटमवेट गटात कांस्य. १९५२ ला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. मला यात नेहमी खर्डेकर सरांचाच विचार येतो. सहावा आलेला मुलगा, पुढं काय होईल याची काही गॅरंटी नाही, आणि सरांनी घर लावलं. धोका एकट्यानं उचलायचा असतो असं कुठं लिहिलंय? कुणीतरी पाठीशी आहे म्हटल्यावर तराजूचं ते कललेलं पारडं जरा वर येतं.

नेमबाज स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पॅरिसचं कांस्य, १ ऑगस्ट २०२४, ४५१.४ गुण, सगळ्यांना पाठ आहे. पण २०२२ च्या कैरोतल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तो चौथा होता, आणि पुढच्या वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत फायनलला पुढं असताना एक शॉट ७.६ चा बसला आणि परत चौथा. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (झोपून नेम धरायच्या प्रकाराची) वर्ल्ड चॅम्पियन झाली, पण ऑलिंपिकला पहिल्यांदा जायला मिळालं ते टोकियोला, २०२१ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी. तिथं ती ३३ वी आली. पोहणारा वीरधवल खाडे, मधली काही वर्षं सरकारी नोकरीत गेल्यावर परत पाण्यात उतरला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलला नॅशनल रेकॉर्ड केलं आणि कांस्य हुकलं ०.०१ सेकंदानं. ०.०१. या शेवटच्या दोघांच्या गोष्टीला गोड शेवट नाही, म्हणून मुद्दाम सांगते. कारण नुसती पदकवाल्यांची उदाहरणं दिली की वाटतं हरलेला माणूस शेवटी जिंकतोच, आणि ते खरं नाही. जिंकलेल्यांच्याच मुलाखती होतात म्हणून तसं दिसतं. तेजस्विनीनं ४० व्या वर्षी जाऊन ३३ वी येणं हे माझ्या मते पूर्ण झालेलं काम आहे.

आता प्रश्न असा की मग प्रत्येक धोका घ्यायचा का. अजिबात नाही, आणि हे मला जोर देऊन सांगायचंय. एक धोका असतो ज्यात हरलो तर लाज, वेळ आणि थोडे पैसे जातात, आणि एक असतो ज्यात हरलो की परत उभंच राहता येत नाही. माझी ट्रायथलॉन पहिल्या प्रकारातली होती कारण कयाकवर तो पोरगा होता. तोच समुद्र, तीच मी, पण एकटी, बोट नाही, तर तो दुसरा प्रकार झाला असता. कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२१ ला एव्हरेस्टवर गेली तेव्हा हवामानामुळं मागं फिरावं लागलं, २०२२ ला माथ्यावर पोचली. मागं फिरली म्हणून पुढच्या वर्षी जायला ती होती. हप्ते चालू असताना घर गहाण टाकून पहिल्यांदाच धंद्यात उडी मारणाऱ्याला कुणी "रिस्क घे भावा" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. जेवढं गेलं तर रात्री झोप लागेल तेवढंच लावायचं, आणि तो आकडा सुरुवातीला वहीत लिहून ठेवायचा, कारण मध्यात गेल्यावर माणूस आकडा वाढवत जातो.

म्हणून मग रविवारी मी भाचीला घेऊन बसले आणि म्हटलं हिशेबच करू. फॉर्मची फी, मागच्या वर्षांचे पेपर, एक दिवस परीक्षेचा. अटेम्प्टला लिमिट नाही, स्कोअर निघाला तर तीन वर्षं चालतो, नाही निघाला तर काही बिघडत नाही, कॉलेजच्या मार्कशीटवर त्याचा डाग पडत नाही. बाकी राहिलं "सगळ्यांना कळणार". मी विचारलं सगळे म्हणजे कोण, नावं लिही. सातच नावं निघाली, त्यात एक मी.

मग तिनंच एक गोष्ट काढली, निगेटिव्ह मार्किंगची. गेटमध्ये एक मार्काच्या चार पर्यायवाल्या प्रश्नाला चुकलं तर एक तृतीयांश मार्क कापतात. ती म्हणाली म्हणून मी डाऊट असेल तर सोडूनच देते. मी म्हटलं कागद घे. डोळे झाकून ठोकलं तर चारात एकदा १ मार्क मिळणार आणि तीनदा एक तृतीयांश जाणार, तीन गुणिले एक तृतीयांश म्हणजे १, बेरीज शून्य. म्हणजे अगदी आंधळेपणानं मारलं तरी सरासरी तोटा नाही. आणि चारातला एक पर्याय जरी नक्की चूक आहे असं कळलं तर तिनात एकदा १ मिळणार आणि दोनदा मिळून दोन तृतीयांश जाणार, म्हणजे दर तीन प्रश्नांमागं एक तृतीयांश मार्क वरच. थोडी माहिती आणि आधी ठरलेली किंमत एवढ्यावर धोका फायद्याचा होतो. ती दोन मिनिटं आकड्यांकडं बघत बसली, म्हणाली, "मग मी मॉक टेस्टला किती सोडून दिले मावशी."

शेवटी एक खेळ केला, गॅरी क्लाईन नावाच्या अभ्यासकाचा आहे. "काय चुकू शकेल" असं विचारायचं नाही, असं धरायचं की मार्च आलाय, निकाल लागलाय आणि गेट निघालेली नाही, झालेलंच आहे, आता सांग का नाही निघाली. असं धरलं की माणूस भीती सोडून कारणं शोधायला लागतो, मामा पोकळीत बोट फिरवायचे तसं. भाचीनं भराभर लिहिलं: गणिताचा भाग मागं टाकला, मॉक दिले पण चुका तपासल्या नाहीत, डिसेंबरमध्ये प्रोजेक्टच्या नादात तीन आठवडे गेले. तिन्हीवर आत्ताच काही करता येण्यासारखं होतं. चौथं लिहिताना थांबली आणि मग लिहिलं, "फॉर्मच भरला नाही."

एक राहिलंच सांगायचं. गिलोविच आणि त्यांच्यासोबत व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ च्या सुमारास लोकांना पश्चात्तापाबद्दल विचारलं होतं. ताज्या काळात माणसाला केलेल्या चुका टोचतात, पण पूर्ण आयुष्य मागं वळून बघायला सांगितलं की न केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. माझी आई ७० ची आहे. तिला विचारलं तर ती म्हणते, "मला विहिरीत पोहायला शिकायचं होतं गं, आमच्या आईनं सोडलं नाही, आणि नंतर मी पण कुणाला म्हटलं नाही." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागते. दर वेळी तेवढंच बोलते.

मी गोव्याचा फॉर्म परत भरलाय. आता दर सहा हातांनी एकदा डोकं वर, राजाराम तलावात मैत्रीण काठावर लाल टोपी घालून उभी राहते आणि मध्येच जागा बदलते, मला ती शोधून तिच्याकडं पोहायचं असतं. गेल्या रविवारी १.९ ला ६४ मिनिटं लागली, तलावात. समुद्रात किती लागतील ते समुद्रात कळेल. भाचीचा काल रात्री साडेअकराला मेसेज आला, "मावशी, सहीचा फोटो अपलोड होईना, साईज कमी कशी करायची?"